लाल दोऱ्याचा डबा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

स्टुडिओत एकटाच. नागपूरच्या कॅमेरावाल्या दाणींनी पाठवलेला डिजिटल बॅक (फिल्मच्या जागी सेन्सर असलेला डबा) माणिककाकांच्या मोठ्या कॅमेऱ्यावर बसतो का ते पाहत होतो. तो बसवायचा तर आधी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फिल्मचा डबा काढावा लागतो. दोन्ही खटके सरकवले, डबा हातात आला. उलटा करून पाहिला.

आत फिल्म. उघडी. राखाडी, गुळगुळीत, आणि तिच्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा.

तीन सेकंद. फार तर चार. मग डबा पोटाशी घट्ट धरून खाली बसलो. पत्रा शोधून आत सरकवला तेव्हा ११.२३ झाले होते.

डबा काढण्याआधी फिल्मच्या पुढे हा पातळ पत्रा घालायचा, हे काकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, दहावीत गणितात नापास होऊन आलेला. इतक्या वर्षांत एकदाही विसरलो नाही. आजही विसरलो नाही. डबा रिकामा आहे असे वाटले, म्हणून घातला नाही. आमच्याकडे सारखे दिसणारे दोन डबे आहेत. भरलेल्या डब्याला काका लाल दोरा बांधायचे. याला दोरा नव्हता.

डबा काळ्या कापडात गुंडाळून खणात ठेवला. डबा खाल्ला नाही. (जेवणाचा.)

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दोऱ्याचे कळले. दिवाळीच्या आधी काकूंनी स्टुडिओ झाडून-पुसून घेतला होता. पडदे धुतले, स्टूल घासले, कॅमेराही ओल्या फडक्याने पुसला. दोरा चार-पाच वर्षांचा, मळून काळा पडलेला. केरात गेला असणार.

हे काकूंना सांगायचे नाही. ही नोंद फक्त येथे.

आता शांतपणे मांडतो.

काकांची ‘पुढची वही’ काढली. गावात कोणाच्या तरी तेरवीला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता आणि त्यात म्हातारा चोरासारखा दिसत होता. तेव्हापासून शिरपुरातली आणि आसपासची म्हातारी माणसे स्वतःच येऊन आपला फोटो आधीच काढून ठेवू लागली. काका हे फोटो फक्त मोठ्या कॅमेऱ्यावर, फिल्मवर काढायचे. दोनशे रुपये आगाऊ, पावती. वेळ आली की घरचे पावती घेऊन येतात आणि फ्रेम घेऊन जातात. एका रोलमध्ये दहा फोटो. दहा भरल्याशिवाय रोल मुंबईला धुवायला जात नाही, हा नियम.

या रोलवर सहा नावे. सहावे नाव गोदाबाई, केनवड. प्रत्येक नावापुढे काकांची बरोबरची खूण. फोटो काढला, दांडी ओढून फिल्म पुढे सरकवली, की मगच ते खूण करायचे.

सातवा फोटो काकांचा स्वतःचा. मी काढला. वहीत लिहिला नाही.

मागच्या वर्षी, पोळा होऊन दोन दिवस झाले होते. छातीत दुखते म्हणून दुसऱ्या दिवशी अकोल्याला जायचे होते. गोदाबाईंचा फोटो झाल्यावर काका सहज म्हणाले, “परल्हाद, माह्याबी घेऊन टाक एक.” स्टुलावर बसले. मी फिल्मवर आयुष्यात तोच एक फोटो काढला. पाचव्या दिवशी काका अकोल्याहून शववाहिकेतून परत आले.

प्रश्न एवढाच आहे: फोटो काढल्यावर मी दांडी ओढली का?

ओढली असेल तर काका आत गुंडाळीत सुरक्षित आहेत, आणि काल उजेडात आली ती पुढची, आठवी, कोरी जागा. ओढली नसेल तर काल ट्यूबलाइटखाली उघडे पडले ते काका.

डब्यावर आकडा दाखवणारी खिडकी आहे. पण तिथून उजेड शिरतो या संशयाने काकांनी तिच्यात सुताराची काळी लांबी (पुटी) भरून टाकली होती. वही असताना आकडा कशाला, म्हणायचे. कॅमेरा पहिल्या पिढीचा. दांडी ओढली नाही तर अडवणारे त्यात काही नाही.

काका शिकवायचे: “आधी दांडी, मंग तोंड.” म्हणजे फिल्म सरकवल्याशिवाय गिऱ्हाइकाशी बोलायचे नाही, बोलण्यात विसरतो.

मला नक्की आठवते ते असे की मी आधी बोललो. “झाला, काका,” असे म्हणालो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काम थांबवून चालणार नाही. दाणींनी हा बॅक आठ दिवस भाड्याने दिला आहे. हा जुना, वापरलेला. नवे मॉडेल ते पुढच्या आठवड्यात स्वतः दाखवायला आणणार. काकू म्हणाल्या आहेत की फिल्म मिळत नाही, महाग झाली, मान्य. पण कॅमेरा विकायचा नाही, चालता राहिला पाहिजे. काकांच्या विम्याच्या पैशातले दीड लाख त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवले आहेत. कोणता घ्यायचा ते मी ठरवायचे. म्हणून नीट तपासून लिहितो.

जुना बॅक. किंमत १,३५,०००. लेन्सपासून बॅकपर्यंत वायर जोडावी लागते, नाही तर त्याला फोटो कधी निघाला तेच कळत नाही. बॅटरी तासभर. उजेड भरपूर लागतो. पडदा काडेपेटीएवढा, रंग खोटे. पण फोटो संगणकावर उघडला की गप्प व्हायला होते.

अडचण: सेन्सर फिल्मपेक्षा लहान. त्यामुळे त्याच जागेवरून माणूस अर्धाच मावतो. कॅमेरा मागे न्यावा तर भिंत. स्टूल पुढे-मागे करावे लागेल. स्टुलाचे चार पाय जिथे आहेत तिथे फरशीवर गंजाचे चार गोल आहेत. काकांनी ते कधी हलवले नाही. मीही हलवले नाही.

पहिला फोटो रिकाम्या स्टुलाचा घेतला. शंभर टक्के मोठा करून पाहिला. रेक्झिनवर खड्डा आहे. मधोमध नाही, डावीकडे. काकांना मणक्याचा त्रास होता, ते डावीकडे कलून बसायचे. आठ वर्षे मी ते स्टूल पुसतो, मला तो खड्डा कधी दिसला नव्हता.

बॅक विचारतो: डिलीट? येस, नो.

नो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काकू दुपारी भाजी द्यायला आल्या. स्टुडिओत आल्या की त्या आधी काउंटरच्या मागच्या भिंतीकडे पाहतात. तिथे एक खिळा आहे, रिकामा. तेरवीला काकांचा जो फोटो लावला होता तो कोणाच्या तरी लग्नातला. त्यात काका फोटो काढत आहेत, अर्धा चेहरा कॅमेऱ्यामागे. अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात त्याचा स्वतःचा फोटो नव्हता. पाहुणे हळूच हसले होते. तेव्हा मीच काकूंना धीर यावा म्हणून सांगितले की काकांचा फोटो रोलमध्ये आहे, मी काढला आहे. त्या म्हणाल्या होत्या, “मंग पुरा होऊ दे रोल. त्याचा नेम कायले मोडतं?”

त्यानंतर फिल्मवर फोटो काढायला कोणी आले नाही. लोक काकांकडे यायचे, माझ्याकडे मोबाईलवरचे पासपोर्ट फोटो काढायला येतात. चौदा महिने रोल तसाच.

आज बॅककडे पाहून विचारले, “हे एवढूसं? यात फोटो राह्यते कुठी?”

कार्डात, म्हणालो.

“अन् कार्ड बिघडलं तं?”

दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे, म्हणालो.

“फिल्मचं बरं व्हतं. एकाच ठिकाणी राहे, पण राहे.”

मी वायर गुंडाळत होतो. गुंडाळलेलीच वायर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली. त्या गेल्यावर पाहिले तर भाजी वांग्याची होती. काकांसाठी करायच्या तशी, जास्त तिखट.

रविवार, ९ नोव्हेंबर

केनवडला गेलो. बसने मालेगाव, तिथून दुसरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली.

गोदाबाई त्या दिवशी स्टुडिओत होत्या. फोटो झाल्यावर बसची वाट पाहत बाकावर बसून राहिल्या होत्या. म्हणजे मी काकांचा फोटो काढला तेव्हा पाहणारे दुसरे कोणी असेल तर त्याच.

ओसरीवर खाटेवर होत्या. फार वाळल्या आहेत. मला ओळखून म्हणाल्या, “फोटोवाला आला व सूनबाई. मी मेली नाई अजून, याले कोनं धाडलं?”

सून हसली. म्हणाली, “थे फोटो दाखवाले आले असतीन.”

“दाखव मंग. मेल्यावर तं सारेच पाह्यतीन. मलेच दिसनार नाई.”

फोटो अजून धुतला नाही हे सांगितले. म्हणाल्या, घाई करू नको, पण फार उशीरही करू नको. हे त्या हसत म्हणाल्या.

मग मी त्या दिवसाचे विचारले. त्यांना सगळे आठवत होते. माणिकने बंडीची वरची गुंडी लावली. मान ताठ केली. मी वाकून कॅमेऱ्याच्या वरच्या, आत पाहायच्या खोक्यात तोंड घातले होते. खट आवाज आला. मी म्हणालो, झाला काका.

“अन् मंग?” मी विचारले.

“मंग माणिक उठला. कॅमेऱ्यापाशी गेला अन् त्याले हात लावला.”

हे मला आठवत नाही. मला अजिबात आठवत नाही. मी बहुतेक दिवे बंद करायला वळलो होतो.

कुठे हात लावला, पुढे की मागे, विचारले. म्हणाल्या, आता तेवढे कोण पाहते. मी वहीच्या पानावर कॅमेऱ्याचे चित्र काढले. मागचा डबा, त्याची दांडी, सगळे दाखवले. त्यांनी चित्रावर हात ठेवला. पंजा सपाट, वरच्या बाजूला. बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.

“असा ठेवला. अन् मंग करकर वाजलं कायतरी.”

हाताच्या आधी की नंतर?

“बाप्पा, तू तं पोलीस झाला.”

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली पण उभा राहिलो. दांडीचा आवाज करकर असाच येतो. काकांनी स्वतः ओढली असेल. माझ्यावर भरवसा नसणार, आणि तो नसावाच.

सोमवार, १० नोव्हेंबर

स्टूलही करकर वाजते.

उठताना. बसताना नाही. आज वीस वेळा बसून उठलो. अठरा वेळा वाजले. मग रिकाम्या डब्याची दांडी वीस वेळा ओढली. डोळे मिटून ऐकले. दांडीचा आवाज थोडा बारीक आणि शेवटी टक. गोदाबाईंना फोन करून विचारावे, शेवटी टक होते का.

शेजारच्या मोबाईल दुकानाचा गजानन दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, “काय परल्हादभाऊ, योगा करून राह्यले का?”

हो म्हणालो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दाणी आले. नवा बॅक घेऊन, स्वतःच्या गाडीने, पेटीला आतून फोम. माणूस सरळ आहे. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले की गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोचे असेल तर यातले काहीच घेऊ नका, लाखभराचा साधा कॅमेरा घ्या. मी म्हणालो, हाच कॅमेरा चालवायचा आहे. ते म्हणाले, समजले.

नवा बॅक. किंमत ६,४०,०००. काकूंच्या पैशाच्या चौपटीहून जास्त. तरी लिहून ठेवतो, कारण तपासायचे ठरले तर पूर्ण तपासायचे.

पडदा मोठा, वर वळतो, बोटाने चालतो. फोटो काढण्याआधीच चित्र पडद्यावर जिवंत दिसते. बोटाने डोळा मोठा करून फोकस बघता येतो. वाय-फायने गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर लगेच जातो. शंभर मेगापिक्सेल. यावर गजानन म्हणाला, “म्हाताऱ्याच्या सुरकुत्या मोजाले काय एवढे?” दाणी हसले, मीही हसलो. नंतर लक्षात आले की आठ दिवसांत पहिल्यांदा.

सेन्सर जुन्यापेक्षा फार मोठा नाही. स्टूल हलवावेच लागेल.

सगळ्यात मोठा फरक उजेडाचा. दाणी म्हणाले, दिवे बंद करा, दारही ओढा. मी ओढले. डोळ्यांना जेमतेम स्टूल दिसत होते. पडद्यावर मात्र सगळी खोली उजळली. थोडी दाणेदार, हिरवट, पण सगळे दिसत होते. पडद्याची घडी. बाक. पलीकडच्या कोपऱ्यात बाकाखाली काकांच्या चपला. डावी उजवीवर चढलेली. त्या तिथे आहेत हे मला माहीत नव्हते. दिवाळीच्या झाडझुडीतही राहिल्या. किंवा काकूंनी ठेवल्या.

दाणी म्हणाले, “बघा, डोळ्याला दिसत नाही ते यात दिसतं.”

मी दार उघडले.

जाताना त्यांना विचारले, सहज विचारल्यासारखे, की फिल्मवर तीन-चार सेकंद ट्यूबलाइट पडली तर काही उरते का. समोर असलेली फ्रेम पूर्ण जाते, म्हणाले. शेजारच्या फ्रेमच्या कडेला थोडा धूर लागेल. गुंडाळीतल्या बाकीच्या वाचतात. त्यांनी विचारले नाही कोणाची. फक्त म्हणाले, “यात तसं होत नाही. काढला की लगेच कळतं, आला की गेला.”

नव्याच्या बाजूने ही सर्वांत मोठी गोष्ट. लगेच कळते. चौदा महिने नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कॅमेऱ्याच्या वरच्या खोक्यात तोंड घातले की अजून तंबाखू-चुन्याचा वास येतो. काकांचा श्वास वर्षानुवर्षे त्यात गेलेला. फडक्याने पुसला तरी येतो.

आज दुपारी त्यात पाहत असताना, काच स्वच्छ करण्यासाठी, स्टुलावरचा उजेड क्षणभर कमी झाला. कोणी मध्ये आल्यासारखा. वर पाहिले तर रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रक गेला होता. दारातून येणारा उजेड त्याने अडवला. बरोबर. तसेच झाले. तरी वेळ लिहून ठेवतो: २.४०.

खणातला डबा दोनदा बाहेर काढून पाहिला. बाहेरूनच. वजन केले तर फरक कळेल का, असाही विचार आला. मूर्खपणा. खिडकीतली लांबी टाचणीने खरवडून आकडा बघता येईल. पण खरवडताना भोक पडले तर उरलेलेही जातील. आत सात माणसे आहेत, त्यातली तीन आता नाहीत. चौथी केनवडला खाटेवर. फिल्मला मोहरीएवढाही उजेड लागता कामा नये.

टाचणी ठेवून दिली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गोदाबाई काल पहाटे गेल्या.

सून आज पावती घेऊन आली, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. काकांचे अक्षर. खाली ‘आगाऊ रु. २००’. म्हणाली, तेरवी अठ्ठावीसला. सासूबाईंनी बजावून ठेवले होते की फोटोवाल्याकडे फ्रेम सांगितलेली आहे, दुसरा कुठला लावायचा नाही. “लय कवतिक व्हतं त्याइले त्या फोटोचं. न पाह्यता.”

नाव लिहून घेतले. स्पेलिंग तीनदा विचारले. गोदावरीबाई, पूर्ण. जन्मवर्ष त्यांना नक्की माहीत नव्हते, फक्त मृत्यूची तारीख टाकायची.

सहावी फ्रेम. सातवीच्या अगदी शेजारची. कडेला धूर लागला असेल तर कापून काढता येईल. खांदा गेला तरी चेहरा राहील.

आता टोलवाटोलवी शक्य नाही. रोल उद्या-परवा पाठवला तर फोटो वेळेवर येईल. टकचा प्रश्न मात्र आता कोणाला विचारता येणार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काकूंना सांगितले. दोऱ्याचे सोडून सगळे.

त्या हरभरा निवडत होत्या. हात थांबला नाही. मी तीन सेकंद म्हणालो, मग चार म्हणालो, मग बॅक, वायर, पत्रा सगळे सांगत राहिलो. ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारले.

“पंधरा दिवस झाले याले?”

हो.

“अन् तू रोज येऊन जेऊन राह्यला इथं.”

थोड्या वेळाने उठल्या, खुंटीवरची स्टुडिओची किल्ली घेतली आणि कनवटीला लावली. मी जोडे घालेपर्यंत दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “एकतीस वरसं त्याच्यासंगं काढली. मले म्हने, फोटो काढू कधी तुहा-माहा जोडीनं. मी म्हने, काढू.” आणि दार लोटून घेतले.

दिवसभर स्टुडिओ बंद. बसस्टँडवर बसून राहिलो. लोकांनी विचारले, आज सुट्टी का. ठरेपर्यंत मी ठेवून घेतलेला दाणींचा जुना बॅक आत अडकला आहे, आठ दिवस कधीच संपले, भाडे चढत आहे. हे सुचत होते याची लाज वाटते पण सुचत होते.

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी १० वाजून १० मिनिटे.

सकाळी नऊला गेलो तर स्टुडिओ उघडा. काकू आत. फरशी पुसलेली, स्टूल जागेवर, चारही गोलांवर. काकूंनी चांगले लुगडे नेसले होते, जांभळे.

म्हणाल्या, “गोदाबाईचा काहून अडवाचा? तिनं पैसे देल्ले. धाड रोल.” मग म्हणाल्या, “पन पुरा करूनच धाड. त्याचा नेम हाय.”

मी त्यांना समजावून सांगितले, आणि येथेही लिहितो, कारण हे मला काल बसस्टँडवर सुचले. जळलेली फ्रेम आता समोर आहे. ती सोडून द्यायची. म्हणून आधी एकदा दांडी ओढायची, मग फोटो. काकांनी किंवा मी त्या दिवशी दांडी ओढली असेल, तर जळलेली आठवी. मग उरतात नववी आणि दहावी, दोनच. ओढली नसेल, तर जळलेली सातवी. मग उरतात तीन. दोन फोटो काढून तिसऱ्यांदा दांडी ओढली की कळेल. दांडी सैल फिरली, कुठेच अडली नाही, तर रोल संपला. म्हणजे काका आत आहेत. दांडी टक करून अडली, तर अजून एक जागा शिल्लक आहे. म्हणजे काका गेले.

धुवायची गरज नाही. येथेच कळेल.

काकूंनी पूर्ण ऐकले. “म्हंजे सैल झाली पाह्यजे,” म्हणाल्या.

मग कनवटीतून लाल दोरा काढला. नवा. डब्याला बांधला, दोन गाठी. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “दिवाळीत म्याच तोडला व्हता. मळका दिसे.”

मला बोलायला हवे होते.

डबा बसवला. पत्रा काढला. दांडी ओढली, टक. काकू स्टुलावर बसल्या. सरळ बसल्या, पण खड्ड्यामुळे आपोआप थोड्या डावीकडे कलल्या. ते सांगावे की नाही, कळेना. तसेच राहू दिले. दाबले. काही न बोलता दांडी ओढली. टक. मग म्हणालो, “झाला, काकू.”

“आता तू बस.”

त्यांनी कधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, पुसण्याखेरीज. वरच्या खोक्यात वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, “उलटं दिसते. तू डावीकडं झुकला तं उजवीकडं जाते.” मग तोंड आणखी खोल खोक्यात घातले. वास आला असणार. मी स्टुलावर खड्ड्याच्या कडेला बसून होतो, आत पूर्ण बसलो नाही. खट झाले.

दोन झाले.

काकूंचा हात दांडीकडे गेला. मग त्यांनी तो कॅमेऱ्याच्या वर ठेवला. सपाट. म्हणाल्या, “च्या मांडते आधी. आल्याशिवाय वढू नको.”

त्या घरी गेल्या आहेत. घर दोन मिनिटांवर. चहा बाहेर मिळतो, पण त्या घरी गेल्या. बावीस मिनिटे झाली. मी कॅमेऱ्यासमोर उभा नाही, काउंटरवर आहे. हाताला काम असावे म्हणून हिशेब लिहितो.

खर्च:
जुन्या बॅकचे भाडे, ८ दिवस: ४,०००
बॅक कॅमेऱ्यावर बसवायची पट्टी: २,८००
केनवड जाणे-येणे: १४०
लाल दोरा: काकूंनी दिला

देणे:
दाणी, वरच्या ८ दिवसांचे भाडे: ४,०००
मुंबई, रोल धुणे व कुरिअर: ९५०, उद्या
गोदाबाईंची फ्रेम, अठ्ठावीसच्या आत. आगाऊ २०० जमा आहेत, वरचे मागायचे नाहीत
वहीतल्या आणखी पाच जणांचे फोटो. त्यातले दोघे वारले, त्यांच्या घरून पावती आलेली नाही, आपणच कळवायचे
काकूंचे दीड लाख: शाबूत. नवा नाही. जुना घ्यायचा की नाही, आजच्यानंतर
भिंतीवरचा खिळा: एक
दांडी: एकदा ओढायची बाकी